जॉनी युनायटसचा उजवा हात

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आमच्या शाळेच्या मैदानावर सायंकाळीं चालतो तो फुटबॉल नव्हे. आपल्या खेळांत चेंडूस हात लागला कीं शिटी वाजते. त्यांच्या खेळांत चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो आणि पायाचें काम क्वचित् पडतें. मग त्या खेळास हें नांव कां, असा प्रश्न मागील सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारला. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, दोन्ही खेळ इंग्लंडांतील एकाच जुन्या घराण्यांतले. अमेरिकेंत गेलेल्या शाखेनें रूप बदललें, नांव बदललें नाहीं. परंतु हें उत्तर शोधीत असतां जॉनी युनायटस नांवाच्या एका खेळाडूचें चरित्र आमच्या वाचनांत आलें, आणि तें मनांतून जाईना. पालकवर्गापैकीं पुष्कळजण आम्हांस विचारीत असतात कीं, मुलगा खेळांत फार रमतो, त्यास आवरावें कीं उत्तेजन द्यावें? ह्या प्रश्नास एका वाक्यांत उत्तर देणें आम्हांस कधींच साधलें नाहीं. तेव्हां हें चरित्रच त्यांच्यापुढें व त्यांच्या मुलांपुढें ठेवीत आहों.

चरित्र समजण्यापुरती खेळाची माहिती प्रथम दिली पाहिजे. मैदान १०० यार्ड लांब. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू दोन्ही टोकांस निमुळता. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यास १० यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड साधले तर पुन्हां चार प्रयत्न. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोंचल्यास सहा गुण मिळतात, ह्यास टचडाऊन म्हणतात. दोन खांबांमधून पायानें चेंडू उडविल्यास तीन गुण. प्रत्येक प्रयत्नापूर्वीं एका बाजूचे गडी कोंडाळें करून उभे राहतात व त्यांपैकीं एकजण पुढचा बेत सांगतो. तोच क्वार्टरबॅक. खेळ सुरू होतांच चेंडू त्याच्या हातीं येतो. तो दुसऱ्यास देऊन त्यास धांवावयास लावावें, कीं दूरच्या गड्याकडे फेंकावा, हें त्यानें दोनतीन क्षणांत ठरवावयाचें; आणि त्याच दोनतीन क्षणांत प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्यास जमिनीवर आपटण्यासाठीं धांवत येत असतात. १९९४ सालापासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणांत रेडिओ बसविण्याची परवानगी आहे व प्रशिक्षक मैदानाबाहेरून त्यास बेत सांगतो. युनायटसच्या काळीं ही सोय नव्हती. बेत बहुधा त्याच्या डोक्यांतला, आणि तो फसला तर बोलहि त्यालाच.

जॉन युनायटस ह्याचा जन्म ७ मे १९३३ रोजीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील पिट्सबर्ग शहरीं झाला. कुळ मूळचें लिथुएनिया देशांतलें. पिट्सबर्ग हें कोळशाचें व पोलादाचें शहर, आणि वडिलांचा धंदा घरोघर कोळसा पोंचविण्याचा. जॉनी पांच वर्षांचा असतां वडील वारले, व चार मुलांचा भार आई हेलन हिच्यावर पडला. तिनें धंदा मोडला नाहीं. कोळशाच्या गाडीचा कारभार तिनें स्वतः पाहिला, रात्रीं कचेऱ्यांची झाडलोट केली, आणि एवढ्यांतून सवड काढून ती जमाखर्चाचें शिक्षणहि शिकली. मुलगा शेजाऱ्यांच्या घरीं फावड्यानें कोळसा भरून चार पैसे मिळवी. ज्या हाताची ही कथा आहे तो प्रथम फावड्यावर तयार झाला.

शाळा लहान, सेंट जस्टिन नांवाची. तेथें तो क्वार्टरबॅक म्हणून खेळूं लागला, आणि प्रसिद्ध अशा नोटर डेम विश्वविद्यालयाच्या संघांत जावें अशी त्याची मनीषा होती. तेथील लोकांनीं त्यास पाहिलें, आणि हा पोरगा फार किडकिडीत आहे, ह्या खेळांत मोडून जाईल, असें म्हणून परत पाठविलें. पिट्सबर्गच्या विश्वविद्यालयाची तयारी त्यास घेण्याची होती. परंतु तेथील प्रवेशपरीक्षेंत तो नापास झाला. शेवटीं केंटकी संस्थानांतील लुईव्हिलच्या विश्वविद्यालयानें त्यास शिष्यवृत्ति दिली. १९५१ सालीं तो तेथें गेला तेव्हां त्याचें वजन १४५ पौंड होतें. पहिल्या वर्षींच संघाचें सुकाणू त्याच्या हातीं आलें, आणि तसें आलें त्या पहिल्याच सामन्यांत त्यानें लागोपाठ अकरा फेंकी अचूक टाकल्या व तीन टचडाऊन मिळवून दिले. सामना एका गुणानें गेला. पुढें विश्वविद्यालयानें खेळावरचा खर्च कमी केला, पुष्कळ चांगले गडी गेले. हा मात्र राहिला. चढाई करणें व बचाव करणें हीं दोन्ही कामें त्यास करावीं लागत, आणि चार वर्षें बहुधा हरणाऱ्या संघांतून तो खेळला.

अमेरिकेंत धंदेवाईक संघ दरवर्षीं विश्वविद्यालयांतील खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. १९५५ सालच्या निवडींत नवव्या फेरींत, म्हणजे १०१ जणांची नांवें पुकारून झाल्यावर, युनायटसचें नांव आलें. निवडणारा संघ त्याच्याच गांवचा, पिट्सबर्ग स्टीलर्स. तो सरावासाठीं गेला. तेथें क्वार्टरबॅकच्या जागेसाठीं चौघे होते. हंगामापूर्वींचे सरावाचे सामने झाले. त्यांतील एकाहि सामन्यांत एक क्षणभरहि त्यास मैदानांत उतरविण्यांत आलें नाहीं, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीं त्यास काढून टाकलें. प्रशिक्षक वॉल्ट कीसलिंग ह्यांस हा मुलगा बुद्धीनें मंद वाटला असें सांगतात. पूर्वीं वजन कमी म्हणून नाकारलेला मुलगा आतां बुद्धि कमी म्हणून नाकारला गेला.

येथें आम्हांस आमची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आम्ही पुष्कळ वर्षें शालेय संघांच्या निवडीचें काम केलें आहे. एका वर्षीं एक अबोल, काटकुळा मुलगा तीन सायंकाळीं रांगेंत उभा राहिला. तिन्ही दिवस वेळ संपत आली होती, अंधार पडत होता, आणि त्याची पाळी येण्यापूर्वीं आम्हीं यादी पुरी केली. चौथ्या दिवशीं तो आला नाहीं. त्यास खेळ येत होता कीं नव्हता हें आम्ही आजहि सांगूं शकत नाहीं, आणि तेंच आम्हांस बोंचतें. वाईट खेळला म्हणून वगळलें असतें तर तो न्याय झाला असता. कीसलिंग ह्यांस नांवें ठेवण्यास आमची लेखणी म्हणूनच अडखळते.

ह्या वेळीं युनायटसचें लग्न झालें होतें. पदरीं संसार, हातीं काम नाहीं. त्यानें पिट्सबर्गमध्यें बांधकामावर मजुरी पतकरली, आणि आठवड्याच्या अखेरीस ब्लूमफील्ड रॅम्स नांवाच्या एका हौशी धर्तीच्या संघांतून खेळूं लागला. मैदान उघडें, दगडगोट्यांचें. मोबदला एका सामन्यास ६ डॉलर. बड्या संघानें काढून टाकलेल्या खेळाडूस असल्या ठिकाणीं उतरणें जड गेलें असतें. त्यास गेलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु तो उतरला एवढें खरें. आणि हात चालता राहिला.

१९५६ सालीं बाल्टिमोर कोल्ट्स ह्या संघानें त्यास परीक्षेस बोलाविलें. प्रशिक्षक वीब युबँक ह्यांस तो पसंत पडला, व वर्षाच्या ७,००० डॉलरांच्या करारावर राखीव क्वार्टरबॅक म्हणून त्यास ठेवून घेतलें. हंगामाच्या चौथ्या सामन्यांत मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ ह्याचा पाय जायबंदी झाला आणि युनायटस मैदानांत उतरला. पुढें जें झालें तें विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावें. त्याची पहिली फेंक शिकागोच्या गड्यानें मधल्यामध्यें झेलली व तीवर टचडाऊन केला. नंतर चेंडू हातांतून निसटला, पुन्हां निसटला, आणि सामना ५८ विरुद्ध २७ असा गेला. असल्या प्रवेशानंतर दुसऱ्या एखाद्या संघानें त्यास घरीं पाठविलें असतें. बाल्टिमोरजवळ दुसरा इलाज नव्हता म्हणून म्हणा, युबँक ह्यांची नजर म्हणून म्हणा, पुढच्या सामन्यांत पुन्हां तोच उतरला, आणि तो सामना जिंकला. त्या पुढची सतरा वर्षें बाल्टिमोर शहर त्याच्या नांवानें ओळखलें जाणार होतें.

त्याचें रूप फारसें वीराचें नव्हतें. खांदे किंचित् पुढें झुकलेले, केस अगदीं बारीक कापलेले, पाय थोडे वांकडे, आणि पायांत घोट्यापर्यंत येणारे काळे बूट. इतर खेळाडू हलके व आखूड बूट वापरूं लागले, तरी त्यानें आपले काळे उंच बूट सोडले नाहींत. ह्या बुटांचा उल्लेख पुढें पुन्हां यावयाचा आहे. तो बोले थोडें, आणि कोंडाळ्यांत त्याच्याशिवाय कोणी बोलूं नये असा शिरस्ता असे. कोठल्या बचावाच्या गड्याची नजर कोठें जाते, कोण लवकर दमतो, कोण फसतो, हें तो मनांत टिपून ठेवी, आणि पहिल्या अर्ध्या वेळांत टिपलेल्या गोष्टीचा उपयोग शेवटच्या पांच मिनिटांत करी. ज्यास बुद्धीनें मंद ठरविलें होतें त्याचा खेळ मुख्यत्वें बुद्धीचा होता.

त्याचा जोडीदार रेमंड बेरी हाहि असाच विलक्षण मनुष्य. नजर अधू, एक पाय दुसऱ्याहून थोडा आखूड, वेग साधारण; तोहि निवडींत फार मागें पडलेला. सराव संपून सगळे गेले म्हणजे हे दोघे मैदानावर मागें राहत. बेरीनें ठराविक पावलें धांवावयाचें, ठराविक जागीं वळावयाचें. आणि तो वळण्यापूर्वींच युनायटसनें चेंडू सोडावयाचा. गडी अजून पाठमोरा आहे, आणि चेंडू हवेंत आहे. तो वळला कीं चेंडू समोर. हें एकदां साधणें हा योग. शेंकडों वेळां साधणें हें शिक्षण. पाहणारांस जादू वाटे. ती जादू रिकाम्या मैदानावर, दिवस मावळतांना तयार झाली होती.

तिची परीक्षा २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें झाली. त्या वर्षाच्या अजिंक्यपदाचा तो सामना, बाल्टिमोर विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स. समोर चौसष्ट हजारांवर प्रेक्षक, आणि देशभर दूरचित्रवाणीवर पाहणारे निराळेच. मध्यंतरास बाल्टिमोरचे १४ व न्यू यॉर्कचे ३ गुण होते. परंतु नंतर पारडें फिरलें, आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असतां न्यू यॉर्क १७, बाल्टिमोर १४ अशी स्थिति झाली. चेंडू बाल्टिमोरकडे आला तो त्यांच्याच हद्दींत, १४ यार्डांच्या रेषेवर. समोर ८६ यार्ड मैदान. घड्याळ थांबत नव्हतें. प्रत्येक वेळीं कोंडाळें करून बोलण्यास सवड नव्हती. एक फेंक लेनी मूरकडे गेली. मग बेरी. पुन्हां बेरी. पुन्हां बेरी. ह्या तीन फेंकींनीं ६२ यार्ड साधले. सायंकाळच्या त्या रिकाम्या मैदानावर मोजलेलीं पावलें तीं हींच. स्टीव्ह मायरा ह्यानें धांवत येऊन चेंडू खांबांमधून उडविला तेव्हां सात सेकंद उरले होते. गुण १७ विरुद्ध १७.

अजिंक्यपदाचा सामना बरोबरींत सुटला असतां जादा वेळ खेळावयाचा, आणि जो प्रथम गुण मिळवील तो जिंकला, असा नियम होता. पण तो अंमलांत आणण्याची वेळ तोंपर्यंत कधीं आलीच नव्हती. आतां पुढें काय करावयाचें हें मैदानांतील कित्येक खेळाडूंना ठाऊक नव्हतें. जादा वेळेंत पहिली संधि न्यू यॉर्कला मिळाली व ती वांया गेली. मग बाल्टिमोरनें ८० यार्ड तेरा प्रयत्नांत कापले. प्रतिपक्ष फेंकीची वाट पाही तेव्हां युनायटसनें गडी धांवविला. धांवीची वाट पाही तेव्हां चेंडू फेंकला. शेवटची रेषा सात यार्डांवर आली. येथून पायानें चेंडू उडवून तीन गुण मिळविले असते तरी सामना जिंकला असता, आणि फेंक चुकून प्रतिपक्षाच्या हातीं गेली असती तर सारें गेलें असतें. युनायटसनें फेंकच केली. जिम मचेलर ह्यानें ती एका यार्डावर झेलली, आणि पुढच्या खेळांत अ‍ॅलन अमीची चेंडू छातीशीं धरून रेषेपार गेला. २३ विरुद्ध १७. असा धोका कां पतकरला म्हणून वार्ताहरांनीं नंतर विचारलें, तेव्हां आपण काय करीत आहों हें ठाऊक असलें म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या हातीं जात नाहीं, अशा अर्थाचें त्याचें उत्तर होतें. वाचकांच्या माहितीसाठीं सांगतों कीं, साऱ्या आयुष्यांत त्याच्या २५३ फेंकी दुसऱ्यांच्या हातीं गेल्या. मोठ्या माणसांचीं तोंडचीं वाक्यें जमाखर्चाच्या वहीशेजारीं ठेवून वाचावींत. त्या दिवशींचें वाक्य मात्र खरें ठरलें.

विजयी संघांतील प्रत्येक खेळाडूस त्या दिवसाचे सुमारें ४,७०० डॉलर मिळाले. ह्या सामन्यानें अमेरिकेंत हा खेळ दूरचित्रवाणीचा खेळ झाला, आणि पुढें त्यावर जी अफाट संपत्ति उभी राहिली तिचा उगम पुष्कळजण येथेंच दाखवितात. ती संपत्ति पुढच्या पिढ्यांस मिळाली.

पुढच्या वर्षीं त्याच प्रतिपक्षास हरवून बाल्टिमोर पुन्हां अजिंक्य झालें. डिसेंबर १९५६ पासून डिसेंबर १९६० पर्यंत युनायटसनें लागोपाठ ४७ सामन्यांत निदान एकतरी टचडाऊनची फेंक केली. हा विक्रम मोडावयास २०१२ साल उजाडावें लागलें. १९५९, १९६४ व १९६७ ह्या तीन वर्षीं तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चाळीस हजार यार्डांहून अधिक फेंक करणारा तो पहिला. हे आंकडे हौशी विद्यार्थी पाठ करतीलच. आम्ही दुसऱ्या एका हिशेबाकडे वळतों.

हा खेळ शरीराचा मोबदला मागतो. १९५८ च्या ज्या हंगामाचें वर्णन वर केलें, त्याच हंगामांत युनायटसच्या बरगड्या मोडल्या व फुप्फुसास इजा झाली. दोन सामने बाहेर बसून तो धातूच्या पट्ट्यांचें कवच अंगावर घालून परत आला, आणि आल्यावर पहिल्याच फेंकीवर टचडाऊन झाला. १९६० सालीं शिकागो येथें त्याचा चेहरा फाटला, नाकांतून रक्त थांबेना. तरी तो मैदान सोडीना, आणि शेवटच्या कांहीं क्षणांत लेनी मूरकडे फेंक करून त्यानें सामना जिंकला. ह्या गोष्टी अमेरिकेंत मोठ्या कौतुकानें सांगतात. वाचतांना आमच्याहि अंगावर कांटा आला. परंतु पालक म्हणून वाचल्या असतां दुसरा एक विचार मनांत येतो: त्या वेळीं त्यास हात धरून बाहेर नेणारें कोणी नव्हतें काय?

चेंडू हातांतून सोडण्याची त्याची रीतहि अशी कीं, गडी मोकळा होईपर्यंत तो थांबे, अंगावर येणाऱ्या माणसाकडे पाहत नसे. त्यामुळें फेंक अचूक जाई आणि मार पुरा बसे. १९६८ सालीं हंगाम सुरू होण्यापूर्वींच्या शेवटच्या सराव-सामन्यांत, म्हणजे ज्याचा निकाल कोणी लक्षांतहि ठेवीत नाहीं अशा सामन्यांत, फेंकतांना त्याच्या हातावर आघात झाला व कोंपराच्या आंतील बाजूचे स्नायू फाटले. तें सारें वर्ष तो जवळजवळ बाहेरच बसला. अर्ल मोरॉल ह्यानें त्याची जागा घेऊन संघास अंतिम सामन्यापर्यंत नेलें. १२ जानेवारी १९६९ रोजीं झालेल्या त्या सामन्यांत, ज्यास सुपर बोल म्हणतात, दुबळा समजल्या गेलेल्या न्यू यॉर्क जेट्स संघानें बाल्टिमोरला १६ विरुद्ध ७ असें हरविलें. जेट्सचे प्रशिक्षक होते वीब युबँक, म्हणजे ज्यांनीं युनायटसला प्रथम ठेवून घेतलें तेच. सामना हातचा गेल्यावर युनायटसला आंत पाठविलें. बाल्टिमोरचे ते सात गुण त्याच्याच दुखऱ्या हातानें मिळविलेले.

जानेवारी १९७१ मध्यें बाल्टिमोरनें तेंच अजिंक्यपद मिळविलें. युनायटसच्या एका फेंकीवर ७५ यार्डांचा टचडाऊन झाला खरा, पण दुसऱ्या पावांतच जखमी होऊन त्यास बाहेर जावें लागलें. १९७२ सालीं नव्या व्यवस्थापकांनीं त्यास बसवून ठेविलें. त्या वर्षींच्या बाल्टिमोर येथील शेवटच्या सामन्यांत त्याच्या जागीं खेळणारा तरुण जखमी झाला आणि त्यास उठावें लागलें. लोक उभे राहून त्याच्या नांवाचा घोष करीत होते. त्यानें केलेली आंखूड फेंक झेलून गडी टचडाऊनपर्यंत धांवत गेला. पुढच्या वर्षीं त्यास दूर सॅन डिएगोच्या संघाकडे विकण्यांत आलें, आणि १९७४ सालीं त्यानें खेळ सोडला. १९८४ च्या मार्च महिन्यांत एका रात्रींत कोल्ट्स संघाच्या मालकानें सारें सामान गाड्यांत भरून संघच इंडियानापोलिस शहरीं हलविला. त्यानंतर त्या संघाशीं आपला संबंध उरला नाहीं असें युनायटस उघड सांगे.

खेळ सुटल्यावर धंदे त्यास फळले नाहींत. कित्येकांत पैसा बुडाला, आणि १९९१ सालीं त्यास दिवाळें जाहीर करावें लागलें. कोळशाच्या गाडीवर जमाखर्च शिकलेल्या आईचा हा मुलगा. पण वहीची विद्या वारशानें येत नाहीं. दोन्ही गुडघे बदलावे लागले. १९९३ सालीं हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आणि साठी ओलांडल्यावर उजव्या हाताची शक्ति जाऊं लागली. १९६८ च्या त्या आघाताचा तो उशिरां आलेला हप्ता होता. बोटें मिटेनात. जेवतांना कांटा धरतां येईना, कपडे घालतांना अडचण पडे. गोल्फ खेळण्याची त्यास आवड होती. तेव्हां तो डाव्या हातानें उजव्या हाताचीं बोटें एक एक करून काठीभोंवतीं गुंडाळी, आणि वरून पट्टा बांधून घेई. १९८७ सालापासून अमेरिकेंत दरवर्षीं उत्तम अशा विद्यार्थी क्वार्टरबॅकला जें पारितोषिक देतात, त्यास युनायटसचें नांव दिलेलें आहे. त्या पारितोषिकाचें नांव ‘सुवर्णबाहु’. ज्याच्या नांवाचें तें पारितोषिक, त्याचा स्वतःचा बाहु चमचाहि उचलीत नव्हता.

अपंगतेबद्दल मदत मिळावी म्हणून त्यानें अर्ज केला. तो नाकारण्यांत आला. २००१ सालीं एका क्रीडा-साप्ताहिकाच्या लेखकास त्यानें जें सांगितलें त्यावरून असें दिसतें कीं, अर्ज वयाच्या ५५ व्या वर्षापूर्वीं करावयास हवा होता, हें त्यांतलें एक कारण. ५५ व्या वर्षीं त्याचा हात चालत होता. नियम लिहिणारांनीं नियम लिहिला असेल, वाचणारांनीं तो बरोबर वाचला असेल. तरी बाल्टिमोरच्या मैदानावर ज्या धंद्याची पायाभरणी ह्या हातानें केली, त्या धंद्याच्या तिजोरींत ह्या हातासाठीं कांहीं निघूं नये हें आम्हांस पटत नाहीं. विशेष हें कीं, त्यानें स्वतः खेळाविषयीं पश्चात्ताप व्यक्त केला नाहीं. आमचे कित्येक वाचक त्यावरून त्यास थोर म्हणतील, कित्येक भोळा म्हणतील.

११ सप्टेंबर २००२ रोजीं बाल्टिमोरच्या उपनगरांत, शरीरोपचाराच्या एका केंद्रांत व्यायाम करीत असतां, हृदयक्रिया बंद पडून तो वारला. वय ६९ वर्षें. त्याच आठवड्याच्या अखेरीस सामने होते. इंडियानापोलिसच्या संघाचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग ह्यानें, युनायटसच्या स्मरणार्थ त्याच्यासारखे काळे उंच बूट घालून खेळण्याची परवानगी संघांच्या मंडळाकडे मागितली. सर्वांचे बूट एका धर्तीचे असावेत ह्या नियमावर बोट ठेवून मंडळानें ती दिली नाहीं, व मॅनिंगनें नेहमींचे बूट घातले. बाल्टिमोरच्या नव्या संघाचा क्वार्टरबॅक ख्रिस रेडमन हा लुईव्हिलच्याच विश्वविद्यालयांत शिकलेला, व ‘सुवर्णबाहु’ पारितोषिक मिळविलेला तरुण. त्यानें परवानगी विचारली नाहीं. तो काळे उंच बूट घालूनच मैदानांत आला. मंडळानें त्यास ५,००० डॉलर दंड केला.